कॅनडात मेट्रोची एकेक लाइन व्हायला पंधरा-पंधरा वर्षं का लागतात?

प्रश्न विचारणाऱ्या दादांनी थोडक्यात असं लिहिलंय की दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलो, टोरोंटोजवळच्या ब्रॅम्प्टनला डाउनटाउनजवळ भाड्याने राहतो, एजंट म्हणतोय इथे दारात एलआरटी (ट्रामसारखी हलकी मेट्रो) येणार, आत्ताच घर घ्या. तर घ्यावं का? आणि मुंबईत गेल्या दहा वर्षांत एवढ्या मेट्रो उभ्या राहिल्या, मग इतक्या श्रीमंत देशात एकेक लाइनला पंधरा वर्षं का, यांना खोदता येत नाही का?

मी मूळची साताऱ्याची, सिव्हिल इंजिनिअर, २००४ पासून टोरोंटोत आहे आणि तेव्हापासून याच कामात आहे. आधी रस्त्याखालच्या पाइप आणि केबल हलवायचं कोऑर्डिनेशन केलं, मग स्टेशनं, आणि गेली दहाएक वर्षं टेस्टिंग आणि कमिशनिंग, म्हणजे सगळं बांधून झाल्यावर गाडी लोकांसाठी सुरू करायच्या आधीचं काम. त्यामुळे उत्तर जरा लांबणार आहे, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे खोदता येतं, अगदी उत्तम येतं. टोरोंटोच्या एग्लिंटन क्रॉसटाउनचं उदाहरण घ्या, कारण तुमच्या डोक्यात बहुतेक तीच लाइन असणार. १९ किलोमीटर, २५ स्टेशनं आणि स्टॉप मिळून, त्यातला साधारण निम्मा भाग जमिनीखाली. काम सुरू झालं २०११ ला. बोगदा खोदायला चार टीबीएम, म्हणजे टनेल बोअरिंग मशीन, आणली होती, पश्चिमेकडून डेनिस आणि ली, पूर्वेकडून डॉन आणि हंबर. आणि बोगदा पूर्ण कधी झाला? २०१६ ला! पाच वर्षांत. लाइन उघडायची तारीख होती २०२०, ती हुकली, २०२१ हुकली, २०२२ हुकली, पुढे तर तारीख सांगायचंच बंद केलं, आणि शेवटी पाच वर्षांहून जास्त उशीर झाला. म्हणजे ज्या गोष्टीला लोक सगळ्यात अवघड समजतात, ती जमिनीच्या पोटातली मशीन, ती आपलं काम करून केव्हाच निघून गेली होती. वेळ बाकीच्यात गेला.

बाकीचं म्हणजे काय ते नीट सांगते, कारण बाहेरून ते दिसतच नाही. बोगदा हा लांब पाइप आहे, मशीन रोज थोडं थोडं पुढे सरकतं, वरच्या रस्त्याला बहुतेक वेळा पत्ताही लागत नाही. स्टेशन मात्र वरून खड्डा करूनच करावं लागतं, आणि तोही शहराच्या सगळ्यात गजबजलेल्या चौकात, कारण स्टेशन तिथेच हवं असतं. त्या चौकाखाली शंभर वर्षांचा संसार असतो. पाण्याची मेन लाइन, ड्रेनेज, गॅस, विजेच्या उपकरणांच्या जमिनीखालच्या खोल्या, टेलिफोनचे डक्ट म्हणजे केबल टाकायचे पाइप, कुठे कुठे जुन्या ट्रामचे रूळ डांबराखाली तसेच पडलेले. यातली प्रत्येक गोष्ट वेगळ्या कंपनीची, प्रत्येकाचं वेगळं ऑफिस, वेगळी परवानगी, वेगळे कामाचे महिने. गॅसवाले म्हणणार थंडीत लाइन बंद करता येणार नाही कारण लोकांचं हीटिंग त्याच्यावर चालतं, पाणीवाल्यांना उन्हाळ्यात नको असतं, आणि आमच्या ओंटारियो प्रांतात डांबराचे प्लांट साधारण डिसेंबरपासून वसंतापर्यंत बंद असतात, म्हणजे खणलेला रस्ता नीट बुजवायचा तरी एप्रिल-मेची वाट बघायची.

माझ्या अगदी पहिल्या कामावरचं सांगते, जागा आणि कंपनी सांगत नाही. फेब्रुवारी महिना, उणे अठरा, आम्ही ट्रायल पिट घेतोय, म्हणजे मोठा खड्डा करण्याआधी छोटा खड्डा घेऊन खाली काय आहे ते डोळ्यांनी बघायचं. जमीन गोठलेली म्हणून गरम पाण्याच्या जेटने माती सैल करून व्हॅक्यूम ट्रकने ओढून काढायची. नकाशात होता एक डक्ट, निघाले तीन, आणि तेही नकाशापेक्षा मीटरभर सरकून. त्यातला एक कोणाचा हे शोधायला चार आठवडे गेले. खरंच चार आठवडे, कारण ज्या कंपनीने तो टाकला ती कधीच दुसऱ्या कंपनीत विलीन झालेली आणि कागद सापडेना. तोवर क्रेन उभी, माणसं उभी, भाडं चालू. आता हे एका चौकात. अशी पंधरा स्टेशनं आणि प्रत्येक स्टेशनाला दोन-तीन दरवाजे धरा. २०२० ला ओंटारियो सरकारने लाइनी लवकर व्हाव्यात म्हणून खास कायदा केला, त्यात या पाइप-केबलवाल्यांना आणि जमिनीच्या प्रश्नांना मुदत घालायचे अधिकार आले, तो आम्हा लोकांच्या दृष्टीने फार मोठा बदल होता, पेपरात त्याच्याबद्दल फारसं आलं नाही तरी.

त्यात क्रॉसटाउनला आणखी एक गोष्ट होती. यंग आणि एग्लिंटनचा चौक. तिथे वर १९५४ ची सबवे, म्हणजे भुयारी मेट्रो, कॅनडातली सगळ्यात पहिली, आणि त्या चालू सबवेच्या पोटाखाली नवं स्टेशन करायचं. वरची गाडी एक दिवस बंद ठेवायची नाही. सत्तर वर्षांपूर्वीच्या स्टेशनाला खालून टेकू देऊन त्याच्याखालची माती काढायची, आणि जुन्या बांधकामात नक्की काय आहे हे बरंचसं उघडल्यावरच कळतं. घरात राहात असताना त्याच घराचा पाया बदलायचा, तसं ते काम. तिथल्या लोकांना उशिराबद्दल मी कधीच नावं ठेवणार नाही.

पण दादा, मला विचाराल तर हे सगळं दुय्यम आहे. पाइप, थंडी, जुनी स्टेशनं हे सगळ्या जगात असतं. कॅनडातलं खरं दुखणं असं की ठरलेलं ठरलेलं राहात नाही. हे मी वीस वर्षं जवळून बघितलंय आणि त्याचा मला आजही मनापासून त्रास होतो.

एकच गाडी आणि दोन शहरं, एवढी एक गोष्ट ऐका म्हणजे लक्षात येईल. सत्तरच्या दशकात ओंटारियो सरकारने स्वतःची एक कंपनी काढली, यूटीडीसी नावाची. तिने किंग्स्टनजवळ नवीन प्रकारची छोटी मेट्रो तयार केली. लिनियर इंडक्शन मोटर, म्हणजे चाक फिरवून गाडी ढकलायची नाही, तर रुळांच्या मध्ये धातूची पट्टी आणि गाडीखालचं चुंबकीय बल तिला ओढतं. त्यामुळे चढ जास्त चालतो, गाडी बुटकी होते, पूल आणि बोगदे लहान होतात. आणि गाडी चालते कॉम्प्युटरवर, पुढची गाडी नक्की कुठे आहे ते बघून मागचीने आपलं अंतर सतत ठरवायचं, याला आमच्यात मूव्हिंग ब्लॉक म्हणतात. आज जगभरच्या मेट्रो ज्या प्रकारच्या सिग्नलिंगवर जातायत त्याची सुरुवात इथे झाली, १९८५ साली, हे इथल्याच लोकांना माहीत नसतं.

ही गाडी १९८५ ला दोन ठिकाणी लागली. टोरोंटोच्या पूर्वेला स्कारबरोमध्ये, ६.४ किलोमीटर, सहा स्टेशनं. आणि व्हँकुव्हरमध्ये, एक्स्पो ८६ या जागतिक प्रदर्शनासाठी, साधारण २१ किलोमीटर. तंत्र तेच, साल तेच.

व्हँकुव्हरने काय केलं? डाउनटाउनमध्ये एक जुना मालगाडीचा बोगदा होता, तो वापरला, एकावर एक दोन रूळ बसवले, नवीन खोदकाम वाचवलं. ड्रायव्हर ठेवला नाही, म्हणून दुपारी, रात्री, रविवारीसुद्धा गाड्या भराभर सोडता येतात, जास्त गाडी म्हणजे जास्त पगार असं होत नाही. आणि मग वाढवत राहिले. १९९० ला फ्रेझर नदीवर पूल टाकून सरेला गेले, १९९४ ला किंग जॉर्जपर्यंत, २००२ ला मिलेनियम लाइन, २००९ ला ऑलिम्पिकच्या आधी कॅनडा लाइन, २०१६ ला एव्हरग्रीन. आज जाळं जवळपास ८० किलोमीटरचं आहे. त्यातली कॅनडा लाइन वेगळ्या साध्या मोटरच्या गाड्यांची, पण ड्रायव्हर तिच्यातही नाही. मेट्रोटाउन नाहीतर ब्रेंटवुड स्टेशनला उतरून वर बघा, टॉवरच टॉवर, लोक स्टेशनाच्या अंगावर राहायला आलेत.

आणि स्कारबरो? एक स्टेशन वाढलं नाही. अडतीस वर्षं. गाड्या म्हाताऱ्या झाल्या, बर्फात ती मधली पट्टी त्रास द्यायची, आणि बदलायचं काय यावर भांडण. २००७ ला तेव्हाच्या महापौरांनी, डेव्हिड मिलरनी, ट्रान्झिट सिटी नावाची योजना आणली, शहरभर एलआरटीचं जाळं, स्कारबरोची लाइन पण एलआरटी करायची. २०१० च्या डिसेंबरात रॉब फोर्ड महापौर झाले आणि पहिल्याच दिवशी ती योजना संपली म्हणाले. २०१२ ला शहराच्या कौन्सिलने एलआरटी परत आणली. २०१३ ला नको, सबवे करू, तीन स्टेशनांची. २०१६ ला ती एका स्टेशनाची झाली. २०१९ ला प्रांत सरकारने सगळंच हातात घेतलं आणि पुन्हा तीन स्टेशनं. दर वेळी नवा सर्व्हे, नवं डिझाइन, नव्या जनसुनावण्या. माझ्या ओळखीतल्या एका इंजिनिअरने त्याच कॉरिडॉरवर तीन वेगवेगळ्या प्रकारची स्टेशनं काढली, एकही बांधलं गेलं नाही, आणि तो माणूस रिटायर झाला. तेवढ्यात जुन्या गाडीने वाट बघणं सोडलं. २४ जुलै २०२३ ला संध्याकाळी शेवटचा डबा रुळावरून घसरला, काही लोकांना दुखापत झाली, लाइन तशीही नोव्हेंबरला बंद करायची होती ती त्याच दिवशी कायमची बंद झाली. नवीन सबवे अजून खोदतायत, ७.८ किलोमीटर. तोवर स्कारबरोची माणसं बसमध्ये. कामावर जाणाऱ्या बायका, कॉलेजची पोरं, हॉस्पिटलमधून रात्रपाळी करून येणारे लोक, थंडीत बसच्या रांगेत. मला ते बघवत नाही.

मुंबईकरांना हे समजावून सांगायला लागू नये. मेट्रो तीनची कारशेड आरेत, मग कांजूरमार्गला, मग परत आरेत, आठवतंय ना? तसंच, फक्त इथे ते कारशेडपुरतं नसतं, अख्ख्या लाइनचं होतं.

एग्लिंटनवर तर १९९४ लाच सबवेचं काम सुरू झालं होतं. पुढच्या वर्षी प्रांतात सरकार बदललं, माइक हॅरिस आले, आणि काम थांबवलं. नुसतं थांबवलं असं नाही, खड्डा परत भरून टाकला. खणायला पैसे, बुजवायला पैसे. त्याच वेळची शेपर्ड लाइन वाचली पण छाटली गेली, २००२ ला उघडली ती पाच स्टेशनांची, साडेपाच किलोमीटर, आणि तिथेच संपली. क्वीन स्ट्रीटचं तर आणखी जुनं. १९४६ साली टोरोंटोच्या लोकांनी मतदान करून यंग आणि क्वीन अशा दोन्ही मार्गांना होकार दिला होता. यंगची झाली. क्वीनसाठी क्वीन स्टेशनखाली कच्चं स्टेशनसुद्धा बांधून ठेवलं, ते आजही अंधारात पडून आहे. आता जी ओंटारियो लाइन होतेय, १५.६ किलोमीटर, १५ स्टेशनं, ड्रायव्हर नसलेली, ती डाउनटाउनमध्ये क्वीन स्ट्रीटखालूनच जातेय, पण त्या जुन्या स्टेशनाच्याही बऱ्याच खालून.

याचा खर्चावर काय परिणाम होतो ते लोकांना कळत नाही. लोक म्हणतात निर्णय बदलला तर फक्त वेळ जातो. तसं नाही हो. एक लाइन संपली आणि दुसरी लगेच सुरू झाली तर तीच माणसं, तोच अनुभव, तेच सप्लायर पुढे जातात. मध्ये पंधरा वर्षं गेली की सर्व्हेअर, टनेलवाले, सिग्नलवाले सगळे दुसरीकडे जातात, कोणी लंडनला, कोणी दुबईला, कोणी रिटायर. मग नव्याने माणसं गोळा करायची, बाहेरचे कन्सल्टंट आणायचे, आणि जे शहराच्या स्वतःच्या इंजिनिअरांना पाठ असायचं ते विकत घ्यायचं.

म्हणून मला मॉन्ट्रियलची गोष्ट आवडते. २३ मे १९६२ ला खोदकाम सुरू, १४ ऑक्टोबर १९६६ ला मेट्रो सुरू, आणि एक्स्पो ६७ पर्यंत २६ स्टेशनं. पाच वर्षंसुद्धा नाहीत! महापौर ज्याँ द्रापो, आणि डिझाइन करायला महापालिकेचंच मेट्रो ऑफिस, ल्युसियाँ लालिए नावाचे इंजिनिअर प्रमुख, त्यांच्या नावाचं स्टेशनही आहे. निर्णय घेणारा आणि नकाशा काढणारा एकाच इमारतीत. कंत्राटदाराला शंका आली की उत्तर त्याच आठवड्यात. गाड्या रबरी टायरच्या, त्या बर्फात चालणार नाहीत म्हणून पूर्ण जाळं जमिनीखाली. दोन्ही दिशांचे रूळ एकाच बोगद्यात, डबे अरुंद, खोदकाम कमी. निघालेला दगड-माती नदीत टाकून एक्स्पोसाठी बेट तयार केलं, दुसरं मोठं केलं. आजही आमच्यात कोणी खर्च वाचवायच्या गोष्टी करायला लागला की मी त्याला हे सांगते.

पण मग त्याच मॉन्ट्रियलची ब्लू लाइन १९८६ ला सेंट-मिशेलला येऊन थांबली ती थांबलीच. पूर्वेला आंजूपर्यंत नेऊ असं १९७९ पासून सांगत होते. आता कुठे काम चालू आहे, सहा किलोमीटर, पाच स्टेशनं, साडेसात बिलियन डॉलरच्या वर. ज्या शहराने पाच वर्षांच्या आत २६ स्टेशनं केली त्याच शहरात!

तिथलीच आरईएम नावाची नवी मेट्रो मात्र वेगळ्या वाटेने गेली. क्युबेकच्या लोकांचा पेन्शनचा पैसा सांभाळणारी संस्था आहे, तिने स्वतःच बांधायला घेतली. ६७ किलोमीटर, २६ स्टेशनं, काम २०१८ ला सुरू, पहिला टप्पा ३१ जुलै २०२३ ला चालू, मोठा दुसरा टप्पा २०२५ च्या नोव्हेंबरात. खर्च सुरुवातीच्या आकड्यापेक्षा बराच वाढला, तरीही किलोमीटरमागे टोरोंटोच्या कुठल्याही सबवेपेक्षा खूपच कमी. कारण काय, तर नवीन कमी खोदलं. १९१८ चा माउंट रॉयलखालचा बोगदा वापरला, जुन्या लोकल ट्रेनचा मार्ग वापरला, नवीन पुलावर जागा ठेवली होती ती वापरली. त्या जुन्या बोगद्यात शंभर वर्षांपूर्वीचे स्फोटक तसेच राहिलेले निघाले, २०२० ला एकदा उडालेसुद्धा, त्यात वेळ गेला. आणि ज्यांची लोकल बंद करून तो मार्ग घेतला त्या लोकांनी जवळजवळ पाच वर्षं बसने ये-जा केली, ती किंमत हिशोबात कोणी धरत नाही पण ती खरी किंमत आहे. एक आपल्या जवळची गोष्ट, आरईएमचे डबे आंध्र प्रदेशातल्या श्रीसिटीच्या कारखान्यात बनलेत, त्याच कारखान्यात मुंबई मेट्रो तीनचे डबे झाले. पहिल्यांदा त्या गाडीत बसले तेव्हा मला फार भरून आलं होतं.

आता माझ्या स्वतःच्या विषयावर येते, टेस्टिंग. हे न समजल्यामुळे ओटावात काय झालं ते बघा. कॉन्फेडरेशन लाइन, साडेबारा किलोमीटर, १३ स्टेशनं. आधी २०१६ ला रिडो स्ट्रीटवर रस्ता खचून मोठा खड्डा पडला, एक व्हॅन आत गेली. मग तारीख मे २०१८ ची, ती वर्षभराहून जास्त हुकली. सगळ्यांवर दबाव, आणि शेवटच्या ट्रायल रनिंगमध्ये पास व्हायची अट सैल केली. ठरलेल्या धावेपैकी प्रत्यक्ष धाव आधी बारा दिवसांच्या सरासरीत ९८ टक्के हवी होती, ती बारातले चांगले नऊ दिवस आणि ९६ टक्के अशी झाली. हे मी ऐकीव सांगत नाहीये, नंतर सार्वजनिक चौकशी झाली, न्यायमूर्ती विल्यम होरिगन यांची, नोव्हेंबर २०२२ च्या त्यांच्या अहवालात हे सगळं आहे, आणि निवडून आलेल्या कौन्सिलरांना वेळेत सांगितलं नाही हेही. लाइन १४ सप्टेंबर २०१९ ला उघडली, तीन आठवड्यांत समांतर बस काढून घेतल्या, आणि मग एकेक सुरू झालं. कोणी दरवाजा हाताने अडवला की दार अडकायचं आणि अख्खी लाइन ठप्प. हिवाळ्यात सांधे बदलायचे रूळ गोठायचे, तिथले इलेक्ट्रिक हीटर पुरेनात म्हणून गॅसचे बसवले. २०२१ ला ऑगस्टमध्ये एक आणि सप्टेंबरमध्ये दुसरी, अशा दोन गाड्या घसरल्या, दुसऱ्या वेळी जवळपास दोन महिने लाइन बंद.

टेस्टिंग म्हणजे गाडी नुसती चालवून बघणं नव्हे. दार, ब्रेक, सिग्नल, रेडिओ, वीज, आग लागली तर धूर बाहेर काढणारे पंखे, प्रत्येक गोष्ट वेगळ्या कंपनीची, वेगवेगळी तपासली तर पास होते, एकत्र आल्यावर भांडते. एकदा आमच्याकडे सगळं नीट होतं, फक्त एका ठरावीक स्टेशनात गाडी दर वेळी हातभर पुढे थांबायची. कारण शोधायला अकरा रात्री गेल्या. आणि चालू लाइनवर काम असेल तर रात्री गाड्या बंद झाल्यावर वीज काढून, माणसं खाली उतरवून, परत वीज देऊन पहाटेची पहिली गाडी सोडायची, यात हातात खरे काम करायचे दोन-तीन तास उरतात. म्हणून कोणी म्हणालं की बांधून तर झालंय, मग उघडत का नाहीत, तर मी सांगते की न उघडणाऱ्याला शिव्या देऊ नका. हिवाळा एक पूर्ण जाऊ द्या लाइनवरून, मग लोकांना बसवा. उशिरा उघडल्याचं लोक विसरतात, बर्फात बोगद्यातून चालत बाहेर काढलं तर आयुष्यभर विसरत नाहीत.

आता खर्चाबद्दल. मुंबईची मेट्रो तीन ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, सुमारे ३७,२७६ कोटी, म्हणजे इथले साधारण सहा बिलियन डॉलर. ओंटारियो लाइन तिच्या निम्म्याहून लहान, २०१९ ला १०.९ बिलियन सांगितले होते, आता ३० वर्षांचं चालवणं आणि देखभाल धरून २७ बिलियनच्या आसपास. दोन्ही आकड्यांत सारख्या गोष्टी नाहीत, आणि मजुरीत प्रचंड फरक, त्यामुळे सरळ भागाकार करू नका. पण नुसत्या मजुरीने हा फरक भरून निघत नाही. एक मोठं कारण कंत्राटाची पद्धत. गेली वीस वर्षं इथे पीपीपीचा, म्हणजे सरकार-खासगी भागीदारीचा, जोर होता, सगळी जोखीम एकाच मोठ्या कंपनी-समूहावर टाकायची, डिझाइन त्याचं, बांधणं त्याचं, पैसे उभे करणं त्याचं. कागदावर छान. पण जमिनीखाली काय निघेल हे कोणालाच माहीत नाही, म्हणून बोली लावणारा त्या भीतीची किंमत लावतो, आणि तरी काही वेगळं निघालंच तर कोर्टात जातो. दोनदा पैसे जातात. आता नवीन कामांत आधी दोघांनी एकत्र बसून डिझाइन करायचं, जोखीम मोजायची आणि मग किंमत ठरवायची असं सुरू झालंय. मला हे पटतं, पण त्यासाठी सरकारकडे स्वतःचे तयारीचे इंजिनिअर लागतात, आणि ते वीस वर्षांत कमी होत गेले.

दुसरं कारण, आपण स्टेशनं फार मोठी करतो. टोरोंटोच्या जुन्या सबवेचे प्लॅटफॉर्म १५० मीटर. खड्ड्याची लांबी तिथून ठरते, आणि पैसा खड्ड्यात जातो. ओंटारियो लाइनला १०० मीटर घेतलेत आणि गाड्या जास्त सोडणार, हे बरोबर केलं. पण फार आखूडही करू नये. व्हँकुव्हरच्या कॅनडा लाइनला पैसे वाचवायला प्लॅटफॉर्म ४०-५० मीटर ठेवले, दोन डब्यांची गाडी, आणि गर्दी अंदाजाच्या कितीतरी आधी आली. आता स्टेशनं ताणता येत नाहीत. त्याच लाइनला कँबी स्ट्रीटवर बोगद्याऐवजी रस्ता उघडून खोदायचं ठरलं, ते स्वस्त पडलं, पण तिथले छोटे दुकानदार बुडाले, खटले झाले. मला विचाराल तर रस्ता उघडून खोदणं वाईट नाही, बहुतेक ठिकाणी तेच करावं, फक्त दुकानदाराला भरपाई पहिल्या महिन्यापासून द्यावी, कोर्टात पाठवू नये.

कॅल्गरी आणि एडमंटनबद्दल थोडक्यात. एडमंटनने १९७८ ला पाच लाखांच्या आसपास वस्ती असताना एलआरटी सुरू केली, कॅल्गरीने १९८१ ला, रस्त्यावरून, साधी, स्वस्त, आणि ती भरून वाहिली. कॅल्गरीची ग्रीन लाइन मात्र पुन्हा तेच, किती वर्षं ठरवली, वाढवली, छाटली, आणि २०२४ ला प्रांताने पैसे काढून घेतले, मग परत नवीन आराखडा.

आता तुमचं घर. ब्रॅम्प्टनला जी लाइन येतेय ती ह्युरोंटारियो एलआरटी, आता तिला हेझल मॅकॅलियन लाइन म्हणतात, मिसिसागाच्या पोर्ट क्रेडिटपासून १८ किलोमीटर. ती ब्रॅम्प्टनला कुठे संपते? स्टील्सवर, गेटवे टर्मिनलला. डाउनटाउनपर्यंत नाही! कारण ऑक्टोबर २०१५ ला ब्रॅम्प्टनच्याच कौन्सिलने सहा विरुद्ध पाच मतांनी मेन स्ट्रीटवरून एलआरटी नको म्हणून ठरवलं, पैसे प्रांत देत असताना. एका मताने. नंतर विचार बदलला, २०२४ ला प्रांताने बोगद्यासकट डाउनटाउनच्या गो स्टेशनपर्यंत (गो म्हणजे इथली लोकल ट्रेन) नेऊ अशी घोषणा केली. तुमचा एजंट ज्याला दारातली एलआरटी म्हणतोय ती ही.

घोषणेवर घर घेऊ नका. मी स्वतःच्या भावालाही हेच सांगितलंय. टेंडर निघालंय का, कंत्राट सही झालंय का हे विचारा, आणि त्याहून सोपं म्हणजे मेन स्ट्रीटवर चक्कर मारा. फुटपाथवर रंगीत फवाऱ्याच्या खुणा दिसतात का, लाल विजेची, पिवळी गॅसची, निळी पाण्याची, केशरी टेलिफोनची. व्हॅक्यूम ट्रक उभा दिसतो का. पाइप हलवायला लागले की समजा काम खरं आहे, आणि तिथून पुढेही सात-आठ वर्षं धरून चाला. तोवर मुलं किती मोठी होतील, तुमची नोकरी कुठे असेल, ते बघा.

आणि आज काय चालू आहे ते बघा. त्याच रस्त्यावर झूम नावाच्या जलद बससेवेची ५०२ बस आहे, गो ट्रेन आहे. सकाळी सात वाजता खरंच त्या स्टॉपवर जाऊन उभे राहा, एक आठवडा, शक्यतो जानेवारीत. त्या बसने तुमचं ऑफिस जमत असेल तर घर घ्या, एलआरटी आली तर उत्तमच. जमत नसेल तर घेऊ नका. स्टील्सच्या गेटवे टर्मिनलजवळ बजेटमध्ये बसणारं काही मिळत असेल तर मात्र मला नक्की कळवा, तिथल्या स्टॉपचं काम कुठवर आलंय आणि कोणत्या बाजूच्या इमारतींना गाडीचा आवाज जास्त येईल ते मी जाऊन बघून सांगते.